‘लाईन’चे अर्थ पाठ करायचे का?

तुमचा प्रश्न असा: मुलगी सातवीत आहे, ‘लाईन’ या इंग्रजी शब्दाचे डिक्शनरीतले ढीगभर अर्थ बघून वैतागलीय, ते सगळे पाठ करायचे का? आणि तिच्या पेपरातल्या ‘व्हॉट इज हिज लाईन?’ या वाक्याचा अर्थ काय?

पाठ अजिबात करू देऊ नका. मी लातूर जिल्ह्यात इंग्रजी शिकवतो आणि हा शब्द मला आठवीतल्या एका पोरानं शिकवला. वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर त्यानं लिहिलं होतं, ‘लाईन कम नाईट, फादर गो फार्म.’ मी सवयीनं लाल रेघ ओढली (तीही लाईनच म्हणा). पोरगं म्हणालं, “सर, खरंच येती की रात्री. आबा मोटार चालू करायला जातेत.” आमच्याकडं लाईन म्हणजे आधी वीज, मग बाकीचं. शेतीपंपाची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, त्यामुळं ‘लाईन कव्हा हाय?’ हे पारावर रोज ऐकू येतं. पोराचं व्याकरण चुकलं होतं, शब्द नव्हता चुकला. विजेच्या तारेला इंग्रजीतही ‘पॉवर लाईन’ म्हणतात. आपण तारेचं नाव तिच्यातल्या करंटला देऊन टाकलं, एवढंच.

आता मूळ सांगतो, ते मुलीला नक्की आवडेल. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. हो, आपण जिची चटणी भाकरीबरोबर खातो तीच. आपल्याकडं जवस पेरतात ते बियांसाठी, तेलासाठी. युरोपात त्याच्या खोडातल्या वाखाचं सूत काढायचे, त्या कापडाला आजही लिनन म्हणतात. या जवसाच्या दोऱ्याचं नाव ‘लिनिया’, आणि त्याचीच पुढं लाईन झाली.

म्हणजे मुळात एक ताणलेला दोरा. गवंडी पहिला थर लावताना दोन टोकांना दोरी बांधतो, ती डोळ्यासमोर आणा. दोरी सरळ, म्हणून रेघ. तिच्या कडेनं माणसं उभी केली की रांग, अक्षरं मांडली की कवितेची ओळ. ती ओळ नटानं पाठ केली की त्याची लाईन. दोरी ओलांडायची नाही म्हटलं की हद्द. बापापासून पोरापर्यंत ओढली की वंश. आणि या गावापासून त्या गावापर्यंत नेली की रेल्वे, नळ, टेलिफोन.

आम्हा लातूरकरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. रेल्वेच्या लाईनीवरून पाणी येतंय, नळाची लाईन कोरडी आणि टँकरपुढं घागरींची लाईन. एका वाक्यात तीन अर्थ. त्याच्या आदल्याच महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती, म्हणजे चौथी लाईन, न ओलांडायची.

या न ओलांडायच्या लाईनीचीच एक भयंकर गोष्ट आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, कैद्यांच्या छावणीत आत एक हद्द आखलेली असे. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. तिचं नाव ‘डेडलाईन’. पुढं वर्तमानपत्रवाल्यांनी तो शब्द बहुधा तिथूनच उचलला आणि आता आमच्या शाळेत माहिती भरायचीही डेडलाईन असते.

एक अर्थ मात्र दोऱ्यातून आलेला नाही, तिथं मुलं फसतात. कोटाला ‘लाईन’ करणं म्हणजे आतून अस्तर लावणं. जुन्या काळी अस्तर लिननचं असायचं, म्हणून ते क्रियापद थेट कापडावरून आलं. शिंपी ‘लायनिंग’ म्हणतो ते हेच.

मराठीनंही असाच एक दोरा किती ताणलाय बघा. दोघांचं सूत जुळतं. गवंडी ‘दोन सूत आत घे’ म्हणतो तेव्हा इंचाचे आठ भाग करून त्यातले दोन मोजतो. सळई चार सुती असते. सूत्र म्हटलं की गणित, मंगळसूत्र आणि नाटकातला सूत्रधार. हे आपण कधी पाठ केलं? ‘लाईन मारणे’ हे मात्र आपलं घरचं उत्पादन, इंग्रजीच्या पेपरात लिहू देऊ नका.

आता पेपरातलं वाक्य. इथं लाईन म्हणजे कामधंदा: ‘तो काय करतो?’ मुलीला इंग्रजीत अडत असेल तर मराठीत विचारा, ‘मामा कोणत्या लाईनीत आहेत?’ रांगेत उभे आहेत, असं ती सांगणार नाही.