खुर्ची सोडून खडू हातात घ्यायचाय

प्रश्न : मॅडम, मी २२ वर्षं हॉस्पिटलच्या मॅनेजमेंटमध्ये आहे, शेवटची ७ वर्षं सीओओ म्हणून, म्हणजे रोजच्या सगळ्या कामकाजाचा प्रमुख. आता हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकवायला जावं असं फार मनात आहे. मागच्या महिन्यात एका कॉलेजात गेस्ट लेक्चर दिलं, ५८ स्लाइड्स होत्या, आमच्याकडे काय काय सुधारणा केल्या ते सगळं सांगितलं, पण अर्ध्या तासात मुलं मोबाइलमध्ये. एकानेही प्रश्न विचारला नाही. पीएचडीपण नाहीये. मला जमेल का हे?

उत्तर : जमेल, आणि तुमच्यासारख्यांनी यायलाच हवं, अगदी मनापासून सांगतेय कारण मीही याच वाटेने आले. पण आधी त्या ५८ स्लाइड्सचं बोलू. आपल्याला संचालक मंडळासमोर उभं राहून काय केलं, किती वाचवलं हे सांगायची सवय लागलेली असते, आणि वर्गातही आपण तेच करतो, तयार उत्तरं नेऊन देतो. मग मुलं विचारणार तरी काय? त्यांना तो दिवस द्या जेव्हा पुढे काय होणार हे तुम्हालाही कळत नव्हतं.

मी फळ्यावर एवढंच लिहिते, रोज ४० अ‍ॅडमिशन, पेशंट सरासरी ५ दिवस राहतो, बेड २००. ४० गुणिले ५ म्हणजे २००, हॉस्पिटल फुल्ल. इमर्जन्सीत ६ जण स्ट्रेचरवर आहेत आणि सीओओ तुम्ही आहात, बोला. पहिली १० मिनिटं सगळे नवीन बेडच मागतात. मग कोणीतरी हळूच विचारतं, मॅडम, पण ५ दिवस का राहतो पेशंट? तिथून खरा वर्ग सुरू होतो. मी एका पेशंटचा डिस्चार्ज लिहून काढते : सकाळी १० ला राउंडमध्ये डॉक्टर म्हणाले घरी जा, समरी टाइप झाली १ ला, उरलेली औषधं फार्मसीत परत गेली २ ला, इन्शुरन्सचं अप्रूव्हल आलं ५ ला, बिल ६ ला, बेड साफ होऊन मिळाला ७ ला. ९ तास गेले आणि यात कोणीच कामचुकार नव्हतं, जो तो आपलं काम करतच होता. मुक्काम साडेचार दिवसांवर आणला तर १८० बेडमध्ये भागतं, २० मोकळे, तेही एकही वीट न रचता. हा हिशोब मुलांनी स्वतः काढला की मगच मी सांगते की रोज येणारे पेशंट गुणिले मुक्कामाचे दिवस म्हणजे भरलेले बेड, याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला.

आणि हो, वाचावं लागेल. आरोग्यसेवेचे अभ्यासक डॉ. डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये उपचारांचा दर्जा मोजायची स्ट्रक्चर (साधनं आणि माणसं), प्रोसेस (कामाची पद्धत), आउटकम (पेशंटवर झालेला परिणाम) अशी मांडणी केली, ती तुम्ही २२ वर्षं रोज जगलात, पण मुलाने विचारलं तर नावानिशी सांगता आली पाहिजे. मला पहिले ६ महिने रात्री बसून वाचावं लागलं.

पीएचडीचं म्हणाल तर रिसर्चच्या कायम पोस्टला बहुतेक ठिकाणी लागते, पण अनुभवी लोकांसाठी प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिससारख्या जागा बऱ्याच विद्यापीठांत असतात, त्यांचे नियम नीट विचारून घ्या. नोकरी लगेच सोडू नका, एक टर्म एकच विषय घेऊन बघा, पेपर तपासण्यासकट. पगार बहुधा बराच कमी होतो, ते घरी आधी बोला. खऱ्या केसेस नेताना पेशंट, डॉक्टर, हॉस्पिटल कोणीही ओळखू येता कामा नये, आणि कागद, आकडे वापरायचे तर लेखी परवानगी घ्या.

एक गोष्ट मात्र मला जड गेली. हॉस्पिटलमध्ये मी बोलले की काम हलायचं. वर्गात एक मुलगी म्हणाली, मॅडम, मला तुमचा निर्णय पटला नाही, नर्सेसना कोणी विचारलंच नाही. ती बरोबर होती, आणि माझ्या ऑफिसात इतक्या वर्षांत हे मला कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

तेव्हा त्याच कॉलेजला परत फोन करा, एक तास मागा. ३ स्लाइड्स ठेवा आणि तुमचा एखादा चुकलेला निर्णय घेऊन जा, शेवट न सांगता. कोणता निवडलात ते मला नक्की कळवा.