कारितास, महागाई आणि अर्घ्य

युरोपातल्या गरिबीवरच्या माहितीपटाला मराठी सबटायटल्स देणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. निवेदनात सारखं येणारं कॅथलिक चर्चच्या मदत संस्थेचं नाव कॅरिटस लिहायचं का कारितास, का सरळ 'चॅरिटी' नाहीतर 'धर्मादाय संस्था' करून टाकायचं? आणि 'सोशल एक्सक्लूजन'ला त्यांनी 'सामाजिक बहिष्कार' लिहिलंय, ते चालेल का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण हे 'सामाजिक बहिष्कार' मी इतक्या ठिकाणी वाचतोय की आता राहवत नाही. नाही चालणार. बहिष्कार कुणीतरी टाकतं. पंच बसतात, ठराव होतो, वाळीत टाकलं जातं, आणि त्याविरुद्ध आपल्याकडे २०१६ चा खास कायदा आहे. फ्रान्स-जर्मनीतल्या ज्या माणसाबद्दल निवेदक बोलतोय त्याच्यावर कुणी ठराव केलेला नसतो. त्याची नोकरी जाते, भाडं थकतं, घर जातं, मग पत्ताच नाही म्हणून सरकारी पत्र कुठे येणार, बँकेत काय दाखवणार, आणि हळूहळू फोन करणारंही कुणी उरत नाही. युरोपियन युनियन हे मोजताना १३ गोष्टी विचारतं, त्यात घर गरम ठेवणं परवडतं का आहे तसं महिन्यातून एकदा मित्र-नातेवाइकांबरोबर बसून काही खाणंपिणं परवडतं का हेही आहे, आणि १३ पैकी ७ गोष्टी जमत नसतील तर तो माणूस मोजणीत येतो. हा एक निकष झाला, कमी उत्पन्न आणि घरात कुणाला पुरेसं काम नसणं हे आणखी दोन. तिन्हींपैकी एक तरी लागू होणारी २०२३ साली ९ कोटी ४६ लाख माणसं भरली, म्हणजे पाचातलं एक. एवढ्या लोकांवर बहिष्कार कोण टाकणार?

शब्द मुळात फ्रेंचांचा. १९७४ साली रने लनुआर या तिथल्या मंत्र्याने 'वगळलेले' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं, दहातला एक फ्रेंच माणूस असा आहे म्हणाला, आणि शब्द सगळीकडे गेला. पण त्याच्या आधीच, १९६० च्या दशकात, पॅरिसजवळच्या बेघरांत राहून काम करणाऱ्या फादर जोझेफ व्रेझिन्स्कींच्या माणसांत तो वापरात होता. ताई, तुम्ही 'बाजूला पडलेली माणसं' लिहा. सबटायटलमधे मावतं आणि आजीलाही कळतं. 'वंचित' चालेल, पण वंचित म्हणजे मुळात फसवला गेलेला, वंचना त्यातलीच, तेव्हा तिथेही कुणीतरी फसवणारा गृहीत आहे.

आता कारितास. चॅरिटी म्हणजे दान, देणगी, ट्रस्ट, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. लॅटिनमधे 'कारुस' म्हणजे प्रिय. आणि 'कारुस' म्हणजेच महाग. त्यावरून कारितास. म्हणून जुन्या लॅटिनमधे 'अन्नोनाय कारितास' असं येतं तेव्हा त्याचा अर्थ गरिबांना धान्यवाटप असा लावाल तर फसाल, त्याचा अर्थ आहे धान्याची महागाई! रोममधे कारितास वाढली की लोक खवळून रस्त्यावर यायचे. पुढे ख्रिस्ती लोकांना ग्रीक 'अगापे'ला, म्हणजे आपल्या मराठी बायबलात 'प्रीती' आहे त्याला, लॅटिन शब्द हवा होता तेव्हा त्यांनी हाच उचलला. फ्रेंचमधे या एका शब्दाची दोन पोरं झाली, 'शेर्ते' म्हणजे महागाई आणि 'शारिते' म्हणजे चॅरिटी. इटालियनमधे अजूनही 'कारोव्हिता' म्हणजे जगणं महाग होणं, आणि २०२२ साली गॅस-विजेची बिलं भडकली तेव्हा तिथल्या पेपरांत रोज 'कारो बोल्लेत्ते' छापून यायचं, बिलांची महागाई, आणि ती बिलं भरायला मदत मागत लोक जायचे कुठे, तर पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, कारितासकडे. दुखणं आणि त्यावर धावून येणारा, दोघांचं मूळ एक. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या होत्या.

आणि आपल्याकडे बघा. महाग कुठून आला? महार्घ, प्राकृतात महग्घ, त्याचं महाग. अर्घ म्हणजे किंमत. आणि अर्घ म्हणजेच पाहुण्याचा सत्कार, दारी आलेल्याला आदराने देतात ते अर्घ्य! मूळ धातू अर्ह्, लायक असणं, मोलाचं असणं, त्यातूनच अर्हता. म्हणजे किंमत आणि आदर एकाच मुळाशी बांधायची जी गोष्ट लॅटिनने केली तीच संस्कृतने स्वतंत्रपणे केली. माझं स्पष्ट मत आहे की कारितासचा खरा भाऊ दान नाही, दया तर नाहीच नाही, अर्घ आहे. समोरचा माणूस महाग आहे, मोलाचा आहे, म्हणून त्याला अर्घ्य द्यायचं, हा त्या शब्दातला भाव. दान शब्दात सगळं लक्ष देणाऱ्याच्या हाताकडे जातं, अर्घ शब्दात ते घेणाऱ्याच्या मोलाकडे जातं. इटलीत १९७१ साली पोप सहावे पॉल यांनी कारितास इतालियाना सुरू केली, तिच्या पॅरिशमधल्या केंद्रांना 'चेन्त्रो दि अस्कोल्तो' म्हणतात, शब्दशः ऐकण्याचं केंद्र. पिशवीभर किराणा नंतर, आधी बसा आणि काय झालं ते सांगा. याला धर्मादाय म्हणायचं? धर्मादाय म्हटलं की आपल्याला आयुक्तांची कचेरी आणि ट्रस्टचा नोंदणी नंबर आठवतो.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांचं २००५ चं पत्र आहे, 'देउस कारितास एस्त', देव प्रीती आहे. तिथे कुणी 'देव म्हणजे चॅरिटी' लिहून बघा.

आता एक भांडण. संस्कृतात कारुसचा सख्खा नातेवाईक कोण, यावर अजून लोक ठासून 'चारु' सांगतात आणि मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडून दाखवतात. त्यात चारुपाशी लॅटिन कारुस दिलंय, खरं आहे. पण तो कोश १८९९ चा आहे हो, आणि थोर माणसाने दिलेली जोडी म्हणून ती कायम झाली असं होत नाही. लॅटिन आणि संस्कृत ज्या एका जुन्या भाषेतून आल्या तिच्यातल्या क चा संस्कृतात च होतो तो क च्या पुढे जुना ए किंवा इ असेल तेव्हा. लॅटिन 'क्वे' आणि संस्कृत 'च' (रामश्च मधला), दोन्हींचा अर्थ 'आणि', हे चोख उदाहरण. कारुसमधे तो ए फार आधीच आ झालेला होता, तेव्हा तिथे संस्कृतातही क तसाच राहायला हवा, आणि तो राहिलाय 'काम' शब्दात. काम म्हणजे इच्छा, ओढ. कारितासची संस्कृत बहीण काम आहे. चारु दिसायला गोड आहे पण या घरातला नाही. ज्यांना चर्चच्या संस्थेच्या नावाशेजारी काम बघून अवघडल्यासारखं होतं त्यांनी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आठवावं, तिथे सगळ्याच्या आधी कामच आहे.

व्रेझिन्स्कींचं सांगायचं राहिलं. हे स्वतः गरीब स्थलांतरित घरात वाढलेले पाद्री, १९५६ साली पॅरिसजवळ नोआझी-ल-ग्रां इथल्या बेघरांच्या छावणीत राहायला गेले. चिखलात अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या, २५२ कुटुंबं. तिथे सूप वाटप चालायचं, जुने कपडे यायचे. यांनी ते बंद करवलं आणि लायब्ररी काढली, बालवाडी काढली. बाहेरून मदत आणणारे चिडले, साहजिक आहे, उपाशी माणसाला पुस्तक काय द्यायचं. पण १९५७ साली त्याच कुटुंबांबरोबर त्यांनी जी संघटना उभी केली ती पुढे 'चौथं जग' या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि १७ ऑक्टोबर १९८७ ला पॅरिसच्या त्रोकादेरोवर त्यांनी बसवलेल्या शिळेमुळे १७ ऑक्टोबर हा आज संयुक्त राष्ट्रांचा गरिबी निर्मूलन दिन आहे. तुमच्या माहितीपटात ही छावणी दाखवली असेल तर कृपा करून तिथे 'दानधर्म' लिहू नका. त्या माणसाचं आयुष्य त्याच शब्दाशी भांडण्यात गेलं.

हां, आणि पहिला प्रश्न उच्चाराचा होता. कारितास. लॅटिनमधे का दीर्घ, ता दीर्घ, मधला रि ऱ्हस्व, म्हणून जोर पहिल्या का वर. जर्मनीत, जिथे लोरेन्त्स वेर्टमान यांनी १८९७ साली या नावाची पहिली संस्था काढली आणि आज तिच्याकडे सुमारे ७ लाख माणसं नोकरी करतात, तिथे काऽरितास म्हणतात, इटलीत आणि पोर्तुगालमधेही जोर का वरच. कॅरिटस हा इंग्रजी चष्म्यातून आलेला उच्चार आहे, तो खोडून टाका.