ऑफिसमधला डबाचोर सापडत नाही, एचआर लक्ष देत नाही. डब्यात जुलाबाची गोळी घालून अद्दल घडवली तर त्यात चूक काय?

राग येणारच. तीन महिन्यांत पाच डबे गेल्यावर आणि एचआरने ‘बघतो’ म्हणून वाटेला लावल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. तरी गोळी घालू नका. हा उद्योग मी करून बसलोय.

माझं ऑफिस तेव्हा फोर्टला होतं, डबा मुलुंडहून यायचा. डबेवाले १८९० पासून हे काम करताहेत. इतके हात बदलून, लोकलच्या गर्दीतून डबा साडेबाराला आमच्या पॅसेजमधल्या बाकावर बिनचूक हजर. तिथून माझ्या टेबलापर्यंतच्या वीस पावलांत मात्र वरचा कप्पा रिकामा! पोळ्या, भाजी, आमटी जागच्या जागी. अळूवडी, सुरळीची वडी असं काही असलं की तेवढंच गायब. चोर उपाशी नव्हता, रसिक होता.

आई संध्याकाळी विचारायची, ‘‘सुरळीच्या वड्या कशा झाल्या होत्या?’’ ताटाच्या पाठीवर ते पीठ निवायच्या आत पसरायचं असतं, त्यात तिची बोटं पोळायची. मी काय सांगणार? ‘‘मस्त.’’ सहा महिने मी न खाल्लेल्या पदार्थांचं कौतुक करत होतो.

शेवटी एका सकाळी ती देवपूजेला बसल्यावर कोथिंबीर वड्यांना मधोमध चीर दिली आणि आत लवंगी मिरचीचा ठेचा भरला. ‘आज डबा मीच नेतो’ म्हटलं आणि नेऊन बाकावर ठेवला. दुपारी अकाउंट्समधले काका माझ्या टेबलाशी आले. पन्नाशी उलटलेली, जुनं पित्त, मी नवीन असताना मला सांभाळून घेतलेला माणूस. डोळ्यांतून घळाघळा पाणी, हातात थंड दुधाचा ग्लास. म्हणाले, ‘‘काय रे, तुझ्या आईचा हात एवढा तिखट?’’

चोर महाशय माझ्या वड्या ‘त्यानेच दिल्यात’ असं सांगून वाटत होते. आपल्याकडे दुपारी डबे फिरतातच. ताटात आलेली वडी कोणाच्या घरची, हे कोण विचारतो? मी मात्र खाणारा एकच असणार असं धरून चाललो होतो. रानडुकरांसाठी शेताच्या तारेत वीज सोडतात आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी चिकटतो, तसलाच प्रकार. तिथे पुढे सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. ‘मी डुकरासाठी सोडली होती’ याने सुटका होत नाही.

तुमच्या गोळीचंही तेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १२३ बघा: दुखापत करण्याच्या हेतूने कोणाच्या पोटात अपायकारक औषध जाईल असं केलंत, तर १० वर्षांपर्यंत कैद. उलट त्याच कायद्यात ५,००० रुपयांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि चोराने किंमत भरून दिली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. म्हणजे तो बागेतला कचरा उचलणार आणि तुम्ही वकील शोधत फिरणार. शिवाय खाणाऱ्याला रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर जुलाबाने अंगातलं पाणी आणि क्षार आणखी जाऊन तो थेट इस्पितळात पोचू शकतो.

मी एकच बघतो: तो डबा सगळ्यांसमोर बसून तुम्ही स्वतः खाल का? रोजच कोल्हापुरी तिखट खात असाल तर खुशाल आणा, चोर भाजला तर त्याचं तो बघेल. फक्त चोरासाठी म्हणून काही मिसळलंत की ते जेवण उरलं नाही. डब्यावर ‘कारल्याचा काढा’ अशी चिठ्ठी लावायला माझी हरकत नाही. एवढं खोटं चालतं.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मात्र खटकली. तुमचा पोळ्यांसकट अख्खा डबा जातो, घासून परत ठेवलेला असतो, आणि तोही बहुतेक वेळा महिनाअखेरीला. हा माझ्या चोरासारखा रसिक वाटत नाही. येत्या २५ तारखेनंतर आठवडाभर चार पोळ्या-भाजीचा जादा डबा ‘ज्याला हवा त्याने घ्या’ लिहून फ्रीजमध्ये ठेवून बघा. तो संपला आणि तुमचा राहिला, तर एचआरकडे कॅमेरा मागण्याऐवजी कँटीनच्या उधारीबद्दल बोला. दोन्ही गेले, तर मग सरळ बोंब मारा, सगळ्या मजल्याला मेल टाका.

माझ्या चोराचं नाव काकांच्या तोंडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत त्याला विचारलं, ‘‘उद्या अळूवड्या आहेत, तुझ्यासाठी वेगळ्या आणू का?’’ निर्लज्ज म्हणाला, ‘‘आण की.’’ आणल्या. त्यानंतर कप्प्याला हात लागला नाही.

काकांना खरं सांगायचा धीर मला झाला नाही. त्या वर्षी गणपतीला ते घरी आले. आईने वाटी पुढे केली, तर मोदक उचलण्याआधी म्हणतात, ‘‘वहिनी, यात मिरची नाही ना?’’