प्रदर्शनात पाहिलेल्या नव्या इंटिरिअर वस्तूंपैकी ठाण्यातल्या फ्लॅटसाठी काय घ्यावं?

गोरेगावच्या नेस्कोमधल्या एसटेक प्रदर्शनात तुम्ही एसपीसी फ्लोअरिंग (जमिनीवर अंथरायच्या फळ्या), लूव्हर पॅनेल (भिंतीवर लावायचे खाचांचे पॅनेल), ॲक्रिलिकची चकचकीत शटर (कपाटाची दारं), सिंटर्ड स्टोनचे (दाबून, भाजून बनवलेल्या कृत्रिम दगडाचे) ओटे आणि स्टीलच्या बास्केट पाहिल्या. ठाण्यातल्या २ बीएचकेत यातलं काय टिकेल, असा तुमचा प्रश्न आहे. स्टॉलवर माल समोरून आणि भरपूर उजेडात दाखवतात. तुम्ही तो कडेने आणि पाठीमागून बघा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत बिघाडाची सुरुवात तिथूनच होते.

एसपीसी घ्यायला हरकत नाही. दगडाची भुकटी आणि पीव्हीसी मिळून ही फळी बनते, त्यामुळे पाण्याने फुगत नाही. बिघडतो तो तिचा लॉक, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवणारी कडेची खाच. जुन्या लादीवर २ मीटरची सरळ पट्टी ठेवा. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर आधी लेव्हलिंग करून घ्या, नाहीतर पाय पडला की फळी दबते आणि वर्षभरात लॉक तुटतो. ‘मऊ लागेल’ म्हणून खाली जादा फोम घालायला सांगतात, तो घालू नका. बहुतेक फळ्यांना मागून फोमचा सुमारे १ मिमीचा थर आधीच चिकटवलेला असतो, त्यात आणखी फोम आला की लॉकवरचा ताण वाढतो. भिंतीलगत ८ ते १० मिमी जागा सोडून ती स्कर्टिंगखाली झाका, आणि जड फिक्स वॉर्डरोब फ्लोअरिंगवर बसवू नका. फळ्यांना सरकायला जागा उरली नाही की बाल्कनीजवळ, उन्हाच्या पट्ट्यात त्या उचलल्या जातात. वरचा वेअर लेअर (झीज सोसणारा पारदर्शक थर) हॉलसाठी ०.५ मिमीचा मागा, ०.३ मिमी बेडरूमला चालतो. जमीन ५-६ मिमीने वर येते, तेव्हा दारांना खालून रंधा मारावा लागेल, तो खर्च धरा. बाथरूमच्या उंबऱ्याशी सिलिकॉन भरा. तिथून आत गेलेलं पाणी फळ्यांखाली साचतं आणि कुबट वास येतो.

लूव्हर पॅनेल एका भिंतीपुरते ठीक. टीव्हीमागे छान दिसतात, पण खाचांत धूळ बसते आणि ती ब्रशनेच काढावी लागते. ओल असलेली भिंत झाकायला ते मुळीच लावू नका. ओल आतच राहते आणि पॅनेलमागे बुरशी धरते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रंगावर थेट गमाने चिकटवणं. गम पुट्टीला घट्ट धरतो, पण पुट्टी भिंतीला तेवढी धरत नाही, मग पॅनेल पुट्टीच्या पापुद्र्यासकट खाली येतं. आधी पट्ट्या भिंतीत स्क्रूने पक्क्या करून त्यावर पॅनेल बसवा. शेगडीजवळ नकोतच, उष्णतेने ते मऊ पडून वाकतात.

सगळ्यात जास्त फसगत ॲक्रिलिक शटरमध्ये होते. पुढची बाजू काचेसारखी दिसते, पण शटरचं आयुष्य आतल्या बोर्डवर आणि कडेच्या पट्टीवर ठरतं. नमुना हातात घ्या आणि या पट्टीच्या (एज बँडच्या) सांध्यावरून नख फिरवा. नख अडकलं किंवा गमाची काळपट रेघ दिसली, तर तिथून वाफ आत जाणार. कोणता गम वापरलाय ते विचारा. साधा ईव्हीए गम उष्णतेने सैल पडतो, स्वयंपाकघरासाठी पीयूआर (पॉलियुरेथेन) गम हवा. मग शटर उलटं करा. पुढे १ मिमी ॲक्रिलिक आणि मागे पातळ लायनर असेल तर दोन्ही बाजू सारख्या ताणत नाहीत आणि उंच शटर धनुष्यासारखं वाकतं. मागेही तेवढ्याच जाडीचा लॅमिनेट हवा, आणि ७ फुटी शटरला ४ ते ५ बिजागऱ्या. आत एचडीएचएमआर (लाकडाच्या तंतूंचा दाट, दाबलेला) बोर्ड चालतो, मात्र ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका. तो ओलावा सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. सिंकखालचा कार्कस (कपाटाचा सांगाडा) आयएस ७१० मानकाच्या मरीन प्लायवूडचाच करा, त्याच्या चिकटपणाची चाचणी ७२ तास उकळून होते. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. थिनर किंवा स्पिरिट लागलं की ॲक्रिलिकवर बारीक तडे येतात.

सिंटर्ड स्टोनवर गरम तवा ठेवता येतो. क्वार्ट्झवर नाही, त्यातलं रेझिन पिवळं पडतं. पण १२ मिमीच्या पातळ कडेवर कुकर आपटला तर टवका उडतो. सिंकच्या कटआउटचे कोपरे काटकोनात कापले तर तडा तिथूनच धावतो, ते गोलसर कापून घ्यायला हवेत. हे काम साध्या मार्बल कटरवाल्याकडे देऊ नका. सिंटर्ड स्टोन नीट कापणारा कारागीर जवळ नसेल तर आपला काळा ग्रॅनाइटच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बास्केटवाले चुंबक लावून दाखवतात: ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४.’ ३०४ हा सहसा न गंजणाऱ्या स्टीलचा ग्रेड. पण ही परीक्षा अपुरी आहे. २०२ या हलक्या ग्रेडच्या स्टीलला पण चुंबक चिकटत नाही आणि खाडीच्या हवेत त्यावर लवकर गंजाचे ठिपके येतात. तपासणीचं द्रावण मिळतं, त्याचा थेंब टाकून बॅटरी लावली की २०० मालिकेच्या स्टीलवर लाल रंग उमटतो. ही चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा.

प्रत्येक बोर्डाचा वीतभर तुकडा मागून आणा. व्हर्नियरने जाडी मोजून २४ तास बादलीत बुडवा आणि पुन्हा मोजा. कडेला जास्त फुगलेला तुकडा बाद. दुसरा तुकडा झाकणाच्या बरणीत २-३ तास उन्हात ठेवा. उघडताच डोळे चुरचुरले तर तो बोर्ड बेडरूममध्ये नको.

बुकिंग स्टॉलवरच्या सवलतीला भुलून करू नका. कोटेशनवर जाडी, वेअर लेअर, बोर्डाचा ग्रेड, गमाचा प्रकार आणि फिटिंगचा दर लिहून घ्या. एसपीसी ८ ते १० टक्के जास्त मागवा, सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत ना ते उतरवतानाच पाहा आणि एक बॉक्स माळ्यावर राखून ठेवा, कारण दोन वर्षांनी तीच शेड मिळेलच असं नाही.