दक्षिण आफ्रिकेत वनौषधींवर संशोधनासाठी येण्यापूर्वी

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर झुलू वनौषधींच्या जिवाणूरोधक आणि दाहशामक गुणांवर पीएच.डी. करण्यासाठी पीटरमारित्झबर्गला यायचे असल्यास काय तयारी करावी, आणि कोल्हापुरात तयार केलेले अर्क सोबत आणावेत का, असे आपण विचारले आहे. अर्क आणू नका. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे तो प्रश्न परवानगीचा होतो. इथेही २००४ चा तसाच कायदा आहे आणि माझे पहिले चार महिने परवान्याची वाट पाहण्यात गेले, म्हणून मार्गदर्शकांना पहिल्याच पत्रात त्याविषयी विचारा. पदव्यांचे मूल्यांकन आणि पोलिसांचा दाखला यांची कामे लवकर सुरू करा, कारण शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते.

प्रयोगशाळेत बहुतेक दिवस ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटपाशी जातात. प्राध्यापक एलॉफ यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अर्क दर वेलला निम्मा पातळ करत नेतात, जिवाणू घालून प्लेट रात्रभर उबेत ठेवतात आणि नंतर टेट्राझोलियमचे द्रावण टाकतात. जिवाणू जिवंत असतील तिथे वेल गुलाबी-लाल होते, आणि जी शेवटची वेल रंगहीन राहते तिच्यातील मात्रा आपण नोंदवतो. कच्च्या अर्काची मात्रा मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर गेली, तर त्या निकालाला फारसे मोल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲसिटोनचा अर्क बहुधा पाण्याच्या अर्कापेक्षा प्रभावी ठरतो. पण इन्यांगा, म्हणजे इथले वैद्य, औषध बऱ्याचदा पाण्यातच उकळतात, त्यामुळे दोन्ही अर्क तपासल्याशिवाय परंपरेविषयी काही म्हणता येत नाही. कॉक्स-१ आणि कॉक्स-२ या दाहाशी संबंधित विकरांवरील (एन्झाइमांवरील) दाहशामक चाचणीत टॅनिन, म्हणजे वनस्पतींतील तुरट द्रव्ये, प्रथिनांना चिकटून फसवा निकाल देतात, तेव्हा ते आधी काढून टाका.

डर्बनच्या वॉरविक बाजारात इसिभाहा या औषधी झाडाच्या सालीचा तुकडा चघळला, तेव्हा जिभेला मिरीसारखा झोंबला. खोकल्या-सर्दीवर ही साल इतकी खपते की सोलून सोलून झाडच दुर्मीळ झाले आहे. त्याच झाडाची साल आणि पाने शेजारीशेजारी तपासण्याचा विषय आपण प्रस्तावात मांडावा, अशी माझी मनापासून विनंती आहे, कारण पाने सालीच्या तोडीची ठरली, तर झाड न सोलताही औषध मिळेल.