जुनी टूरर, ८४ चं बिल आणि पाच वर्षांचे हप्ते

प्रश्न: २००७ची यामाहा एफजेआर१३०० आहे, लांबच्या प्रवासाची बाइक (टूरर). ८१,००० किलोमीटर झालेत, वर्षाला ९,००० च्या आसपास चालते. गॅरेजने कामांची जी यादी दिली तिचं बिल बाइकच्या किमतीच्या जवळ जातंय. घरचे म्हणतात, एवढे पैसे भंगारात घालण्यापेक्षा नवी घे. चार वर्षं वापरलेली एक टूरर पाहूनही ठेवली आहे, उरलेलं कर्ज काढीन. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांतून थोडे काढावे लागतील. काय करू?

उत्तर: तुम्ही पाठवलेले आकडे इथे जसेच्या तसे देत नाही. तुमची बाइक सगळी कामं केलेल्या, चांगल्या अवस्थेत जितक्याला विकली जाईल ती रक्कम १०० धरली आहे आणि बाकी सगळं त्या मापात बसवलं आहे.

गॅरेजचं बिल ८४. त्यात टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) तपासणी, प्लग, कुलंट आणि टायमिंग चेनचा टेन्शनर (व्हॉल्व्ह चालवणारी चेन ताणून धरणारा भाग) मिळून १७. दोन टायर १४. ब्रेकचे पाइप, पॅड आणि ऑइल ९. हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आणि मागच्या लिंकेजचे बेअरिंग ८. पुढचे-मागचे शॉक्स २६. टॉपबॉक्स, उंच काच आणि जादा दिवे १०. दुसरीकडे, पाहून ठेवलेली बाइक ४२०. तुमची आहे त्या अवस्थेत ७० ला जाते, ५० अडचणीच्या पैशांतून काढणार आणि ३०० चं कर्ज ११ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी.

घरच्यांची शंका रास्त आहे, पण ते बिलाची तुलना बाइकच्या किमतीशी करतात. बाइक विकत घेताना ती तुलना कामाची असते. बाइक दारात उभी असताना दुरुस्तीचा खर्च आणि बदली बाइकचा खर्च समोरासमोर ठेवायचा असतो.

नवी घेतलीत तर हप्ता महिन्याला साडेसहाच्या थोडा वर, पाच वर्षांत ३९१ भराल. सुरुवातीचे १२० धरून ५११. पाच वर्षांनी ती निम्म्या किमतीला, २१० ला गेली असं धरू. निव्वळ खर्च ३०१, म्हणजे वर्षाला ६०. तिचा विमा जुनीपेक्षा वर्षाला ८ ने महाग आहे, म्हणून ६८. टायर, ऑइल, पेट्रोल दोन्हीकडे सारखंच, ते सोडून दिलं.

जुनी ठेवलीत तर आज विकून आले असते ते ७० तिच्यात अडकून राहतात. त्यावर ७४ ची कामं (वरचे १० मी वगळले आहेत, कारण पुढे येईल). म्हातारपणाचा जादा खर्च दरवर्षी १२ धरला, पाच वर्षांचे ६०. बेरीज २०४. पाच वर्षांनी ५० ला विकली तर निव्वळ १५४, वर्षाला ३१. मधेच एखादं मोठं संकट आलं आणि बाइकच्या पूर्ण किमतीइतका, म्हणजे १०० चा फटका बसला, तरी वर्षाला ५१ होतात. ६८ ला पोचत नाहीत.

या बिलाचा बराचसा भाग तुम्ही आधीच देणं लागता. टायर झिजले, ब्रेक ऑइल जुनं झालं, टॅपेटची मुदत जवळ आली, हे सगळं मागच्या किलोमीटरांत झालं आहे. विकायला काढलीत तरी ते सुटत नाही. घेणारा हीच यादी मोजून १०० चे ७० करतो. म्हणजे यादीतली ४८ ची गरजेची कामं केलीत तर त्यातले ३० किमतीत परत येतात. शॉक्स आणि टॉपबॉक्सबद्दल असं अजिबात म्हणता येणार नाही.

तेव्हा ठेवा. पण ८४ चं बिल एका दमात भरू नका आणि अडचणीच्या पैशांना हात लावू नका. तिथे तीन महिन्यांचा घरखर्च आहे, तो मुळातच कमी आहे. तुमच्या पत्रानुसार दीर्घकाळाची गुंतवणूक वजा जाता महिन्याला ६ उरतात आणि हौसेसाठी ३० बाजूला आहेत. (साडेसहाचा हप्ता आणि सहाची शिल्लक, हे गणित मांडल्यावर नव्या बाइकबद्दल फार बोलायचं उरत नाही.) सहातले ४ बाइकला, २ अडचणीच्या पैशांत भर घालायला. आता क्रम.

पहिल्या आठवड्यात ब्रेक आणि टायर: २३. बाइकचं वजन २९० किलोच्या आसपास, वर दोघं आणि सामान, त्यामुळे इथे घासाघीस नको. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालं की ओल्यात पकड जाते, म्हणून नवे घेताना दुकानात शिक्का वाचूनच घ्या. माप पुढे १२०/७० झेडआर१७, मागे १८०/५५ झेडआर१७. चाक उतरलेलंच आहे तर शाफ्टच्या (या बाइकचं मागचं चाक चेनऐवजी दांड्याने फिरतं) खाचांना मॉलिब्डेनमचं ग्रीस लावून घ्या आणि फायनल ड्राइव्हचं, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअरचं, ऑइल बदला. ते अवघं २०० मिलिलिटर लागतं; ते न बदलून काय वाचतं कोण जाणे.

ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी. ते हवेतली ओल ओढून घेतं. आधी उकळबिंदू उतरतो, मग आतून गंज धरतो, आणि तो गंज एबीएसच्या युनिटमधल्या बारीक व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. एक बाटली ऑइल आणि एबीएस युनिट यांच्या किमतींतली तफावत पाहिलीत तर या बाइकच्या देखभालीत यापेक्षा स्वस्त विमा सापडणार नाही. क्लचही हायड्रॉलिक आहे, त्याचं ऑइल यादीत लिहिलेलं नाही, लिहून घ्या. रबरी पाइप बदलायला झालेच आहेत, तर जाळीचे स्टीलचे घालायला हरकत नाही. किमतीत फार फरक नसतो.

तीसमधून २३ गेले, ७ उरले. तीन महिन्यांत १९ होतील, तेव्हा टॅपेट. मुदत दर ४२,००० किलोमीटरला आहे. तुमचे टॅपेट ४२,००० ला पाहिले होते, म्हणजे अजून साधारण ३,००० किलोमीटर हातात आहेत आणि तीन महिन्यांत तुम्ही सव्वादोन हजार चालवाल. बसतंय. त्याच्यापुढे ढकलू नका, कारण या कामात आवाजावर भरवसा ठेवता येत नाही. टॅपेट ढिला झाला की टकटकतो आणि लक्ष वेधतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मात्र सीटमध्ये (तो टेकतो त्या कड्यात) बसत बसत घट्ट होत जातो आणि इंजिन उलट शांत वाटायला लागतं. पुढे तो पूर्ण बंद होत नाही, सीटवाटे उष्णता बाहेर जात नाही, आणि कड जळते. मग हेड उतरवावं लागतं.

गॅरेजला एक नेमकी विनंती करा: या १७ चे दोन भाग करून द्या, नुसती तपासणी किती आणि शिम (फट जुळवायच्या छोट्या चकत्या) बदलावे लागले तर किती. इंजिन पूर्ण थंड असताना सोळाही व्हॉल्व्हची मापं फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) घेऊन लिहून द्या. सगळी मर्यादेत निघाली तर गॅस्केटपलीकडे खर्च नाही. एखादं माप मर्यादेत पण घट्टपणाच्या काठावर असेल तर तेवढा शिम आत्ताच बदला, शिम ०.०५ मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात आणि स्वस्त असतात, महाग असते ती उघडझाप. याच न्यायाने प्लग आणि कुलंट त्याच वेळी, आणि थ्रॉटल बॉडीचं सिंक (चारही सिलिंडरना हवा सारखी मिळेल असं जुळवणं) शेवटी. हाताला मुंग्या येतात असं तुम्ही लिहिलंय; बऱ्याचदा सिंक केल्यावर त्या निम्म्यावर येतात, आणि लोक तोवर हँडलची वजनं बदलत बसलेले असतात.

टेन्शनरबद्दल गॅरेजचं बरोबर आहे. २००६ नंतरच्या एफजेआरमध्ये तो दुखरा आहे. त्याची स्प्रिंग दगा देते, चेन सैल पडते, सुरू करताना काही क्षण खडखड येते. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग वरचा १०० चा फटका खरा होतो. सुधारित भाग मिळतो, तोच घाला. मात्र तो काढताना चेन ताणून धरावी लागते. नाहीतर ती खाली क्रँकच्या दात्यावर सरकते आणि हे वरून दिसतही नाही. नवा बसवल्यावर इंजिन आधी पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा जुळतात का पाहायच्या, मगच बटण दाबायचं. हे काम घरी करायचा मोह होत असेल तर आवरा. ब्रेक ऑइल, फायनल ड्राइव्ह, एअर फिल्टर मात्र जरूर घरी करा.

यादीत नसलेलं एक बारीक काम: वायरिंगमधले अर्थिंगचे जोड. या पिढीत अनेक अर्थिंगच्या वायरी एका छोट्या कनेक्टरमध्ये एकत्र येतात. तिथे गंज धरला की रोध वाढतो, कनेक्टर तापून वितळतो आणि दिवे, मीटर असलं काहीही अचानक बंद पडतं. लोक मग बॅटरी बदलतात. टाकी वर केलेलीच असते तेव्हा ते जोड साफ करून, गरज पडल्यास सोल्डर करून घ्या. चार्जिंगही मोजा: ५,००० आरपीएमला बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास हवेत; १३ च्या खाली किंवा १५ च्या वर म्हणजे बिघाड. आणि कुठलंही इलेक्ट्रिकचं बिल भरण्याआधी चेसिस नंबर देऊन रिकॉलची कामं झालीत का विचारा. ती फुकट होतात, आणि सेकंडहँड बाइकमध्ये बऱ्याचदा राहून गेलेली असतात.

पुढचे चार महिने साठवून कोनसेट आणि लिंकेज ८, फोर्कच्या (म्हणजे पुढच्या शॉक्सच्या) स्प्रिंगा, सील आणि ऑइल ९. कोनसेट बदलायची गरज आहे का ते स्वतः पाहा: मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकाला न्या. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंगला खळगे पडलेत. नसेल वाटत, तर साफ करून ग्रीस भरणं पुरतं आणि तुमचे दोन-तीन वाचतात. तीन महिन्यांच्या आतच ते जास्त अडखळायला लागलं तर मात्र टॅपेटच्या आधी हेच करा.

मागचा शॉक १७. ८१,००० किलोमीटरनंतर मूळ शॉकमधल्या ऑइलने दम सोडलेला असतो, त्यामुळे हा खर्च मी उधळपट्टी म्हणणार नाही. पण तो सर्वात शेवटी, वर्षाच्या अखेरीला. तोपर्यंत फुकटचं काम करा. मागचं चाक अधांतरी असताना एक माप घ्या, मग नेहमीच्या कपड्यांत बसून दुसरं. फरक ३० ते ४० मिलिमीटरमध्ये हवा. दोघं बसताना मागच्या शॉकचा लिव्हर ‘हार्ड’वर टाकता का? बरेच लोक तो वर्षानुवर्षं ‘सॉफ्ट’वर ठेवून बाइक डुलते म्हणून तक्रार करतात. नवा शॉक घेतलात तर तुमच्या वजनाची स्प्रिंग मागवा आणि जुना शॉक फेकू नका. बाइक विकताना जुना परत चढवून नवा वेगळा विकायचा. बाइकसकट विकला तर त्याचे पैसे येत नाहीत.

टॉपबॉक्स, काच आणि दिव्यांचे १० मी कापले, कारण तुमच्याकडे कंपनीच्या दोन बाजूपेट्या आहेत आणि मूळ काच बटणावर वर-खाली होते. पुढच्या वर्षी हवेच वाटले तर घ्या. हौस म्हणून घ्या. ‘गुंतवणूक’ हे नाव मात्र देऊ नका.

विम्यातली एक मेख. बाइकवर ७४ खर्च केलेत म्हणून विमा कंपनीच्या लेखी तिची किंमत वाढत नाही. या बाइकला प्लास्टिकचं अंग मोठं आहे. उभ्याउभ्या आडवी पडून पॅनल आणि पेट्या मोडल्या तरी दुरुस्ती विमा-किमतीच्या वर जाऊ शकते आणि ती बाद ठरवली जाते. आधीच ठरवलेल्या किमतीचा विमा मिळत असेल तर घ्या, फेरफार लेखी कळवा आणि पावत्या जपा.

वर्षभरात कामं संपली की महिन्याला अडीच बाजूला टाकत राहा. त्यातले साधारण निम्मे टायर-ऑइलमध्ये जातील, निम्मे साचतील. आणि सोडायची वेळ कोणती ते आत्ताच, डोकं थंड असताना लिहून ठेवा. माझ्या मते तीन: एकाच बिघाडाचा खर्च, साचलेल्या रकमेतून भागणारा भाग धरून, ६० च्या वर जाणं, एबीएस युनिट किंवा मुख्य वायरिंगसारखा भाग कंपनीकडे बंद होऊन तो सेकंडहँडही न मिळणं, आणि तुमचं चालवणं वर्षाला ३,००० किलोमीटरच्या खाली येणं. तिसरं लोक विसरतात. उभी बाइक स्वस्त पडत नाही, बॅटरी, सील, पेट्रोल सगळं बसल्या जागी खराब होतं.

गॅरेजला फोन करायच्या आधी टायरवरचे चार आकडे वाचा आणि टॅपेटची ४२,००० ची पावती शोधा. ती सापडली नाही, तर हातात ३,००० किलोमीटर आहेत असं धरू नका. टॅपेट ब्रेकच्या लगोलग करा आणि कमी पडणारे १० टायरपैकी पुढचा, तो खरंच चांगला असेल तरच, लांबवून आणि दोन महिन्यांच्या शिल्लकीतून भागवा.