इलेक्ट्रिक गिटारचे फ्रेट पहिल्यांदाच स्वतः बदलायचेत, घरी जमेल का?

जमेल, पण फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांड्यावर (नेकवर) आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, एका दिवसात बदलून उरकायचं असं ठरवून बसू नका. मी आतापर्यंत तीन गिटारींचे बदललेत आणि पहिलीला सलग दोन वीकएंड गेले.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत आणि बेंड करताना (तार बोटाने बाजूला ताणताना) तार अडकते. तर आधी खरंच बदलायची गरज आहे का ते बघा. नवीन फ्रेट साधारण १.२ ते १.४ मिमी उंच असतो. खड्ड्याच्या तळाशी अजून १ मिमीच्या आसपास उंची उरली असेल तर नुसतं लेव्हल (सगळे घासून एका उंचीवर आणणं) आणि क्राउन (माथा परत गोल करणं) करून भागतं, सगळे उपटायची गरज नाही. लेव्हल केल्यावर ०.८ च्या खाली जाणार असतील तर मग बदलाच.

लोक नवीन फ्रेट ठोकायच्या हातोडीला घाबरतात, पण ते काम त्यामानाने सोपं आहे. नवख्या माणसाच्या हातून लाकूड खराब होतं ते जुने फ्रेट काढताना. फ्रेटचा जो भाग लाकडातल्या खाचेत बसतो त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक दाते असतात, तेच लाकडाला धरून ठेवतात, त्यामुळे सरळ वर ओढलं की दात्यांबरोबर लाकूडही येतं. माझ्या पहिल्या गिटारीचे सहा नीट निघाले म्हणून सातव्याला मी घाई केली, पुरेसा गरम न करता ओढला आणि कट्‌ असा आवाज येऊन रोझवुडची नखाच्या टोकाएवढी ढलपी उडाली. नशीब की ती टेबलावरच सापडली, चिमट्याने जागेवर ठेवून पातळ सुपरग्लूचा थेंब सोडला, आज शोधावी लागते इतकी ती बसलीय. म्हणून सांगतो, सोल्डरिंग आयर्न फ्रेटवर टेकवून हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या, आत ग्लू असेल तर तो सैल होतो, आणि तोंड सपाट घासलेला एंड कटर (समोरच्या तोंडाने कापणारी पक्कड) फ्रेटच्या कडेखाली सरकवून फक्त दाबा, ओढू नका. दाबलं की फ्रेट आपोआप वर येतो, मग थोडं पुढे सरका, परत दाबा, असं टोकापर्यंत. आणि ढलपी उडाली तर तिथेच थांबून चिकटवा, नंतर करू म्हटलं की तुकडा हरवतो.

सगळे निघाले की ट्रस रॉडने (नेकच्या आतला घट्ट-सैल करता येणारा दांडा) नेक अगदी सरळ करून घ्या आणि मग फ्रेटबोर्ड (फ्रेट बसतात ती नेकवरची लाकडी पट्टी) लेव्हल करा. इथे फ्रेटबोर्डच्या आडव्या गोलाईची त्रिज्या महत्त्वाची, जुन्या फेंडर गिटारींची ७.२५ इंच, आताच्या बऱ्याच फेंडरची ९.५, गिब्सनची बहुतेक १२, तुमची जी असेल त्याच मापाचा रेडियस ब्लॉक (तेवढ्याच गोलाईचा घासायचा ठोकळा) घ्या. हे नीट केलं तर शेवटी फ्रेट फार घासावे लागत नाहीत. घासल्यावर खाचा उथळ होतात, त्या परत खोल करा, आतला भुसा आणि जुना ग्लू काढा, आणि त्रिकोणी कानस खाचेच्या कडांवरून अगदी हलक्या हाताने फिरवा. तेवढ्याने फ्रेट सरळ आत जातो आणि पुढच्या वेळी काढताना ढलप्या कमी उडतात.

फ्रेटची वायर (तिचे तुकडे कापून फ्रेट बसवतात) घेताना लोक फक्त वरची रुंदी-उंची बघतात. खाचेत जाणाऱ्या भागाची जाडी खाचेला जुळते का तेही मोजा, खाच सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर असते. दुसऱ्या गिटारीला मी न मोजता जाड वायर ठोकली, बावीस पाचरी मारल्यासारखं झालं आणि नेक मागच्या बाजूला वाकली, ट्रस रॉड पूर्ण सैल सोडूनही सरळ होईना. ते सगळे परत काढावे लागले. पहिल्यांदा निकेल सिल्व्हरच घ्या, नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. स्टेनलेस स्टील खूप टिकतं पण कापताना आणि घासताना हात आणि कानस दोन्हीची वाट लागते.

ठोकताना वायर फ्रेटबोर्डपेक्षा किंचित जास्त वाकवलेली हवी. नेकखाली बरोबर त्या जागी आधार द्या, आधी दोन्ही टोकं बसवा, मग मध्यभाग, म्हणजे वायर पसरते आणि दाते लाकडात घुसतात. प्रत्येक फ्रेट झाला की पलीकडून उजेड धरून फट दिसते का बघा.

मग टोकं कापा, तिरकी घासा, माथ्यावर मार्करने रंगवून लेव्हल करा, क्राउनिंग फाइलने रंगाची बारीक रेघ उरेपर्यंत गोल करा, शेवटी पॉलिश. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप (तारांखालचे आवाज पकडणारे भाग) टेपने पूर्ण झाका, लोखंडाचा चुरा तिथल्या चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही. नवीन फ्रेट उंच झाल्यामुळे जुना नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) कमी पडून मोकळी तार बझ करू शकते, म्हणजे फ्रेटला लागून खरखरू शकते, तसं झालं तर नट बदला, फ्रेट घासत बसू नका.

तुमचा फ्रेटबोर्ड रोझवुडचा आहे की मेपलचा ते लिहिलं नाहीत. लॅकर मारलेला मेपल असेल तर काढण्याआधी प्रत्येक फ्रेटच्या दोन्ही कडांनी धारदार ब्लेडने लॅकर कापून घ्या, नाहीतर त्याचे पापुद्रे निघतात. कमेंटमध्ये सांगा, त्याप्रमाणे पुढचं लिहितो.